खरात टायपिंग विरुद्ध मांजर

१६ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहून राह्यलो. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तारीखवार नोंद हाताशी पाहिजे, म्हणून.

आज शाळा सुरू झाल्या आणि आजच, बराबर माझ्या इन्स्टिट्यूटच्या समोर, शिवाजीनं क्लासचा फ्लेक्स लावला. त्यावर एक हसणारं मांजर. खाली लिहिलंय, "टायपिंगची कटकट विसरा! ठोकळे जोडा, प्रोग्रामर बना!" टायपिंगची कटकट! हे लिहावं कोणी? जो माझ्याकडं तीसच्या स्पीडला तीनदा नापास झाला त्यानं! हातावर रुमाल टाकला की ह्याला घाम फुटायचा. कीबोर्डकडं बघितल्याबगर ह्याला स्वतःचं नाव टाइप करता येत न्हाई, आणि हा घनसावंगीत प्रोग्रामर घडवणार. डोकं फिरलं माझं.

मी राजानंद खरात. खरात टायपिंग इन्स्टिट्यूट, बसस्टँड रोड. ह्या तालुक्यात तहसीलला, कोर्टात, पंचायत समितीत जो कोणी खुर्चीवर बसून टकटक करतो, त्याची बोटं मी वळवलेली हायेत. माझ्या बापानं जन्मात पेन धरला न्हाई, पण आमच्या वस्तीतली कितीतरी लेकरं माझ्या मशीनवर शिकून सरकारी खुर्चीत बसली. त्याचा मला अभिमान हाय आणि तो मी लपवत न्हाई.

पण आता टायपिंगला पोरं येईनात. म्हणून मी पण यंदा कोडिंग काढलं. जालन्याहून पायथनचं जाड पुस्तक आणलं. कन्या विद्यालयाचे सचिव अप्पाराव म्हणाले, "आमच्या पोरींना कोडिंग शिकवायचंय. तुमी दोघं पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर करून दाखवा. ज्याचं चांगलं, त्याला शाळा." शाळा मिळाली तर इन्स्टिट्यूट चालंल. न्हाई मिळाली तर शटर खाली ओढायचं आणि कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकायचं. सरळ हिशेब हाय.

२३ जून, सोमवार

माझा पायथनचा वर्ग उत्तम चालू हाय. आधी ए-एस-डी-एफवर बोटं बसवायची. मंग पुस्तकातला उतारा. उतारा समोर, हातावर रुमाल, नजर पुस्तकावर, घड्याळ लावलं की सुरू. झालं की प्रिंट काढायची आणि मी लाल पेनानं चुका काढतो. ह्या भाषेत ओळी आत-बाहेर सरकवाव्या लागतात, ते मी पट्टीनं मोजतो. समासाच्या बाबतीत मी बिलकुल सूट देत न्हाई.

स्वरा नावाची पोरगी हाय, बारावी झालेली. पन्नासचा स्पीड, चूक शून्य. धुवून पाणी पियावं अशी बोटं. पण आज म्हणते, "सर, हे चालवून बघायचं का?"

"काय चालवून बघायचं?"

"प्रोग्राम."

मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "कोर्टाचं समन्स टाइप करणारा माणूस समन्स बजावायला जातो का?" तिनं पुन्हा हातावर रुमाल टाकला. पोरं हुशार असली तरी कामाची शिस्त आपणच लावावी लागते.

२८ जून, शनिवार

शत्रूच्या गोटात काय चाललंय ते कळल्याबगर लढता येत न्हाई. मी स्वतः जाऊ शकत न्हाई. म्हणून बेबीनंदाला पाठवायचं ठरवलं. बायकोवर कोणाला संशय येत न्हाई.

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? मी तर दहावीला गणितात गटांगळ्या खाल्ल्या."

म्हणलं, "कळायची गरज न्हाई. फक्त बघायचं आणि मला येऊन सांगायचं."

संध्याकाळी आली. चेहरा नुसता फुललेला. म्हणते, "अहो, लई सोपं हाय! एक मांजर हाय. ठोकळ्याला ठोकळा लावायचा, की मांजर चालतंय. मी त्याला भिंतीला धडकवलं, मंग म्हणलं माघारी फीर, तर फिरलं की हो!" आणि हसतच सुटली. मला तिच्या अभिनयाचं कौतुक वाटलं.

४ जुलै, शुक्रवार

लाइटीचा भरवसा न्हाई. शिवाजीनं त्यावर काय युक्ती काढली तर खोक्याच्या पुठ्ठ्याचे ठोकळे कापले. "जर", "तर", "पुन्हा पुन्हा", "कायम" असं रंगवून लिहिलं. लाइट नसली की पोरं सतरंजीवर बसून पुठ्ठे जोडतात आणि एक जण मांजर होऊन तसंतसं चालतो. काल कीर्तनकाराचा धाकटा मांजर झाल्ता, त्याला "कायम पुढं चाल" असं लावलं. तो पार बसस्टँडपर्यंत गेला. अंबडच्या बशीत बसायच्या बेतात होता, तेवढ्यात कंडक्टरनं अडवला.

बेबीनंदानं घरी पण पुठ्ठे आणले आणि स्वयंपाकघरात कणकेनं चिकटवले. ही गुप्त माहिती असणार, म्हणून जशीच्या तशी उतरवून घेतो. गॅसच्या वर: "जर दूध वर आलं, तर गॅस बारीक." फ्रीजवर: "कायम: हे हाका मारतील. आले म्हणा. हातातलं काम सोडू नका."

दुसऱ्यातला "हे" म्हणजे कोण ते लक्षात येईना. शिवाजीचा कोणी माणूस असावा. तिला विचारायला हाक मारली. "आले" म्हणाली. आली न्हाई.

१० जुलै, गुरुवार

आज पौर्णिमा. सकाळी विहारात वंदनेला गेल्तो. तिथं पण विषय हाच. गाव दोन झालंय. एक टाइपवाले, एक ठोकळेवाले. आष्टीच्या पाहुण्यांनी घनसावंगीची सोयरीक मोडली म्हणे, कारण पोरगा ठोकळेवाला निघाला. पोरीचा बाप म्हणाला, "आज ठोकळे जोडतोय, उद्या माझ्या लेकीला काय पुठ्ठ्याच्या घरात ठेवतोस का?" मी त्या माणसाला ओळखत न्हाई, पण मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

१३ जुलै, रविवार

आज ठोकळ्यांचा मूर्खपणा माझ्या डोळ्यांनी बघितला.

राधेश्यामच्या गिरणीवर दळण घेऊन गेलो. तिथं बायांची नंबरावरून रोजची कटकट. म्हणून राधेश्यामनं पण शिवाजीकडून पुठ्ठे करून आणले. "डबा ठेवा. लाइनीत उभं राहा. आपला नंबर येईपर्यंत हलू नका." माझा नंबर जवळ आला आणि लाइट गेली. गिरणी बंद. आता काय? कोणी हलेना. मी म्हणलं, घरी जाऊन येतो. तर मागची बाई म्हणाली, "ठोकळ्यात जाणं न्हाई, सर."

खरंच नव्हतं. मंग आम्ही उभेच. ऊन डोक्यावर आलं. एका बाईचं लेकरू घरी रडून राह्यलं असं निरोपावर निरोप येऊन राह्यले, पण ती जाईना. राधेश्याम स्वतः पण जेवायला गेला न्हाई. म्हणे माझाच नियम, मीच कसा मोडू. मी मनातून खुश होतो. हे हाय तुमचं ठोकळ्याचं शास्तर, असं मी सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं. उभा मात्र मी पण राह्यलो, कारण लाइन सोडली तर नंबर जातो.

दुपार कलताना बेबीनंदा मला शोधत आली. सगळ्यांकडं बघितलं, पुठ्ठ्याकडं बघितलं, राधेश्यामकडून पेन घेतला आणि एक नवीन पुठ्ठा मध्ये खोचला. "जर लाइट गेली, तर डबा ठेवून घरी जा." सगळे एकदम पांगले. योगायोगानं ती आली म्हणून बरं, न्हाई तर मी अजून तिथंच असतो.

१९ जुलै, शनिवार

अप्पारावांनी परीक्षा ठरवली. संपत शिपाई निवृत्त झाल्यापासून कन्या विद्यालयात घंटा कोणी वाजवायची यावर मास्तरांची भांडणं चालू हायेत. अप्पाराव म्हणाले, "कॉम्प्युटरनं घंटा वाजवून दाखवा. भोंगा आमचा, प्रोग्राम तुमचा. ज्याची घंटा वाजंल, त्याला शाळा."

माझ्या पुस्तकात घंटेचा उतारा न्हाई. बिलकुल हरकत न्हाई. मी सगळ्यात कठीण उतारा निवडला. त्यात कंस हायेत, अवतरणं हायेत, दोन टिंबं हायेत, आत-बाहेर सरकलेल्या ओळी हायेत. हा ज्याच्या बोटांना जमला, त्याला घंटा काय, नगारा पण जमंल. स्वराला आजपासून तोच देऊन राह्यलो.

२७ जुलै, रविवार

मोठी बातमी. बेबीनंदानं शोध लावला की शिवाजीच्या मांजरात एक बटण हाय. दाबलं की ठोकळे जातात आणि पायथनच्या ओळी दिसतात!

म्हणलं, "म्हणजे माझी भाषा चोरली त्यानं! उद्याच नोटीस काढतो."

"अहो, चोरी न्हाई. तुमचं ते लिहिलेलं आणि माझे ठोकळे, खालून एकच हाय. माझा 'जर' म्हणजे तुमचं ते इफ. मला तर आता तुमच्या पुस्तकातलं बी थोडंथोडं वाचता येऊन राह्यलं."

मी नोटिशीचा मसुदा करायला बसलो. ती बाजूला बसून माझं पुस्तक चाळत होती. मध्येच म्हणाली, "तुमी स्वराला दिलाय ना, त्या उताऱ्याचा अर्थ ठाऊक हाय का तुमाला?"

मला राग आला. म्हणलं, "पंचवीस वर्षं लोकांचे कागद टाइप केले. तलाक टाइप केले, वाटण्या टाइप केल्या, राजीनामे टाइप केले. एकाचा अर्थ विचारला न्हाई मी. म्हणून तर चुका झाल्या न्हाईत!"

तिनं पुस्तक मिटलं. मंग म्हणाली, "एकदा चालवून तर बघा हो." आणि उठून गेली. त्या पोरीची हवा हिला लागली.

३ ऑगस्ट, रविवार

योजना माझ्या अपेक्षेच्या पुढं गेली. शिवाजीनं पंधरा ऑगस्टला आपल्या बाजूनं बेबीनंदाला बसवायचं ठरवलंय! "काकूंइतकं कोणालाच जमत न्हाई" म्हणे. माझा हेर शत्रूचा सेनापती झाला. असं कोणाला साधलं असंल का?

मी तिला बसवून समजावलं. "ऐन वेळी एक ठोकळा चुकीचा लावायचा. घंटा वाजू द्यायची न्हाई. आपली इन्स्टिट्यूट वाचंल."

ती ताटात भाकरीचे तुकडे करत बसली, खाल्ली न्हाई. गुप्तहेराला गप्प राहावंच लागतं, ती तिची सवय झाली आता.

९ ऑगस्ट, शनिवार

बेबीनंदा जेवताना म्हणाली, "मला जन्मात पयल्यांदा कायतरी जमलंय."

म्हणलं, "बराबर. शिवाजीला काडीचाही संशय आला न्हाई."

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्वरा तयार हाय. डोळे झाकून टाइप करते. आज मी थोडा हळवा झाल्तो. मशीनवरून फडकं फिरवलं. शटरला तेल दिलं. उद्या काहीही होवो, असं म्हणायचं असतं, पण मला तसं वाटत न्हाई. उद्या मला जिंकायचंच हाय. ह्या खोलीच्या बाहेर मी कोण हाय ते मला ठाऊक न्हाई.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सगळं सांगतो, जसं घडलं तसं.

झेंडावंदन झालं. मैदान भरलेलं. व्यासपीठावर दोन कॉम्प्युटर, मध्ये शाळेचा भोंगा. आधी माझा नंबर. स्वरानं हातावर रुमाल टाकला, मी घड्याळ लावलं, आणि पोरीनं काय टाइप केलं राजेहो! लोक श्वास रोखून. शेवटचा कंस पडला आणि टाळ्यांचा कडकडाट. मी प्रिंट काढली. लाल पेन घेऊन वरून खाली तपासली. चूक शून्य. समास पट्टीला पट्टी. कागद अप्पारावांच्या हातात दिला.

अप्पारावांनी कागद बघितला. उलटा केला. मंग कानाला लावला.

"घंटा?" ते म्हणाले.

"कसली घंटा?"

"वाजवायची घंटा, खरात सर!"

मी कागदाकडं बोट दाखवलं. तेवढ्यात स्वरानं मला न विचारता ते चालवायचं बटण दाबलं. भोंगा गप्प. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. स्वरानं वाचून दाखवली, "तुमचं वय किती?"

अप्पारावांना वाटलं हा परीक्षेचा भाग. म्हणाले, "चौसष्ट." स्वरानं आकडा टाकला. पडद्यावर उत्तर आलं, "तुम्ही मतदानास पात्र आहात."

अप्पाराव येत्या निवडणुकीला उभे राहणार हायेत. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली. मंग नगराध्यक्ष आले, त्यांनी वय सांगितलं. ते पण पात्र. मंग राधेश्याम, मंग गिरणीवरच्या बाया, सगळे पात्र. बघता बघता लाइन मैदानाच्या फाटकाबाहेर गेली. पाचवीची एक पोरगी अपात्र निघाली, ती भोकाड पसरून रडली, तिचा बाप माझ्या अंगावर धावून आला. एका म्हातारीनं तीनदा विचारलं, तिला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. मी मध्ये उभा. आतून मात्र पार गार पडल्तो. एवढे दिवस माझ्या नजरेसमोर रोज ते टाइप होत होतं, आणि आत हे लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं. बेबीनंदाला ठाऊक होतं. तिनं विचारलं होतं.

मंग तिचा नंबर.

ती नऊवारी नव्हे, कामाची साधी साडी नेसून आल्ती. माझ्याकडं एकदा बघितलं. मी डोळ्यानं खूण केली, चुकीचा ठोकळा लाव. तिनं मान हलवली. न्हाई म्हणून हलवली. सगळ्यांसमोर, शांतपणे.

ठोकळ्याला ठोकळा लावला आणि दाबलं. भोंग्यातून घंटा वाजली. टण टण टण, खणखणीत, संपत शिपाई वाजवायचा तशी. पण ती सुटीची घंटा होती. सगळ्या पोरी उठल्या, दप्तरं उचलली आणि घरी निघाल्या. मुख्याध्यापिका ओरडून राह्यल्या, "अगं, भाषण बाकी हाय! जिलबी बाकी हाय!" अर्धं मैदान रिकामं झालं. जिलबीचं नाव ऐकल्यावर माघारी आल्या.

शिवाजीनं उडी मारली. "जिंकलो! शाळा माझी!"

तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घंटा तर बाईंनी वाजवली. पोरींना बाईच शिकवतील."

शिवाजी म्हणाला, "काकू माझ्या विद्यार्थिनी हायेत!"

मी म्हणलं, "माझी बायको हाय!"

बेबीनंदानं माइक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, "मी कोणाची हाय ते मंग बघा. शिकवते मी. क्लास खरात इन्स्टिट्यूटच्या खोलीत व्हईल. शिवाजी, तुझे ठोकळे घिऊन ये. लेकरं आधी ठोकळ्यावर शिकतील, कारण त्याची भीती वाटत न्हाई. मंग टाइप करून शिकतील, कारण मोठं काम ठोकळ्यात मावत न्हाई. टाइप स्वरा शिकवंल. तिला आता अर्थ बी सांगू आपण."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघालं. माइक जवळ होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

ती म्हणाली, "तुमी बसा ना आमच्यात."

१६ ऑगस्ट, शनिवार

इन्स्टिट्यूट वाचली. माझी योजना शंभर टक्के यशस्वी झाली असं म्हणायला हरकत न्हाई. सकाळपासून चार वेळा लिहून चार वेळा खोडलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज पहिला वर्ग. खोली पोरींनी गच्च भरली. माझ्या खुर्चीवर बेबीनंदा. मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी पाचवीची ती अपात्र पोरगी. तिनं माझ्याशी बोलणं टाळलं.

बेबीनंदा म्हणाली, "आज सोपं. मांजराला बोलायला लावायचं. तुमच्या मनात जे असंल ते त्याच्या तोंडी घाला."

सगळ्या सुरू झाल्या. कोणाचं मांजर म्हणालं भूक लागली, कोणाचं म्हणालं आईला सांगू नका. मी ठोकळा ओढला, मोकळ्या जागेत उघडझाप करणारी ती उभी रेघ आली, आणि मी बोटं कीबोर्डवर ठेवली. ए-एस-डी-एफ. बोटं जाग्यावर, पाठ ताठ. आणि पुढं काहीच नव्हतं. समोर उतारा नव्हता. कोणी सांगत नव्हतं. पन्नासच्या स्पीडचा माणूस मी, आणि एक अक्षर उमटेना.

बेबीनंदा मागून येऊन उभी राह्यली. "लिहा की."

"काय लिहू?"

"ते मी कसं सांगू?"

तिनं घाई केली न्हाई. पोरींकडं जाऊन आली, पुन्हा उभी राह्यली. शेवटी मी लिहिलं. एकेक अक्षर शोधून, कीबोर्डकडं बघून.

तिनं वाचलं. म्हणाली, "आता चालवा."

"असू दे."

"चालवा हो."

मी दाबलं. मांजर पडद्याच्या मधोमध आलं, पोरींकडं तोंड करून उभं राह्यलं, आणि त्याच्या तोंडातून माझी ओळ बाहेर आली, "मला येत नाही."

मंग शेजारची ती पोरगी बाकावर उभी राहून ओरडली, "बाई, सरांचं चाललं!" आणि सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.